दोन पौंडी टिन म्हणजे नेमकं केवढं? चहाचा लोफ आणि घनफळाचा एक धडा



नववीत आपण इष्टिकाचितीचं घनफळ शिकतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. सूत्र पाठ होतं, दोन-चार गणितं सुटतात आणि प्रकरण संपतं. मग कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, याचा उपयोग काय?" आजवर मी पाण्याच्या टाकीचं आणि विटांच्या भिंतीचं उदाहरण देत आले. यंदा एक वेगळं उदाहरण देते, कारण ते माझ्याच एका माजी विद्यार्थिनीवर गुदरलं आहे.

ती घरून केक-ब्रेडच्या ऑर्डरी घेते. नाताळाआधी तिला चार 'टी लोफ' ची ऑर्डर मिळाली. पाककृती इंग्लंडमधली, त्यात लिहिलेलं, "दोन पौंडी लोफ टिन वापरा". आधी तिने शेजारणीचं टिन आणून एक लोफ करून पाहिला. सुरेख झाला. मग बाजारातून चार नवी टिनं आणली, त्यांच्यावरही 'दोन पौंड' असंच लिहिलेलं. साहित्य तेच, तापमान तेच, वेळ तीच, सव्वा तास. चारही लोफ बसके, कडेने कडक आणि आतून कोरडे निघाले. चार लोफ म्हणजे जवळजवळ दीड किलो सुकामेवा वाया. तिने मला फोन केला तो पाककृती विचारायला नाही. म्हणाली, "बाई, दोन्ही टिनं दोन पौंडीच आहेत. मग माझं चुकलं कुठे?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक त्या 'दोन पौंड' या शब्दात होती. चला, बघूया.

आधी पदार्थ समजून घेऊ

टी लोफ म्हणजे चहाच्या वेळी खायचा, आणि चहाच घालून केलेला, लांबट आकाराचा गोड पाव. केक म्हणावा तर त्यात बहुतेक वेळा लोणी नसतं, आणि पाव म्हणावा तर आजकालच्या प्रकारात यीस्ट नसतं. मनुका, बेदाणे वगैरे रात्रभर कोऱ्या, कडक चहात भिजत घालतात. ते टम्म फुगतात. सकाळी त्यातच साखर, अंडं आणि खमीर घातलेलं पीठ मिसळून लांबट टिनमध्ये भाजतात. थंड झाल्यावर काप काढायचे आणि प्रत्येक कापावर लोणी लावायचं. लोणी पिठात नाही, वरून!

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरचा टी लोफ प्रसिद्ध आहे. वेल्समध्ये याच घराण्यातला 'बारा ब्रिथ' आहे. (हा आपला बारा आकडा नव्हे हं! वेल्श भाषेत 'बारा' म्हणजे पाव आणि 'ब्रिथ' म्हणजे ठिपकेदार.) आयर्लंडमध्ये 'बार्मब्रॅक' करतात आणि हॅलोवीनला त्यात अंगठी लपवतात. ज्याच्या कापात अंगठी येईल त्याचं लवकर लग्न होणार म्हणे. बारा ब्रिथ आणि बार्मब्रॅक हे मुळात यीस्टचे पाव. रात्रभर चहात फळं भिजवून बेकिंग पावडरवर करायची सोपी रीत नंतर घरोघर रुळली.

आपण हिशेबासाठी एक साधं प्रमाण घेऊ. सुकी फळं ३५० ग्रॅम, कोरा चहा ३०० मिलिलिटर, ब्राऊन शुगर २०० ग्रॅम, अंडं १ (कवच सोडून साधारण ५० ग्रॅम) आणि सेल्फ रेझिंग फ्लार २५० ग्रॅम. हे शेवटचं पीठ आपल्याकडे सहज मिळत नाही. तेवढाच मैदा घेऊन त्यात सपाट तीन लहान चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून घातलं की काम होतं. फळांसाठी सांगली-तासगावचे बेदाणे असतील तर उत्तमच. १६० ते १७० अंश सेल्सिअसला तास-सव्वा तास भाजायचं.

सगळ्याची बेरीज करा. ३५० + ३०० + २०० + ५० + २५० = ११५० ग्रॅम. ही बेरीज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'पौंड' कुठून आला?

पौंड हे वजनाचं माप. १ पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. म्हणून ब्रिटिश पाककृतींत 'एक पौंडी टिन' च्या पुढे ४५० ग्रॅम आणि 'दोन पौंडी टिन' च्या पुढे ९०० ग्रॅम असं लिहिलेलं दिसतं. हे वाचून कोणालाही वाटेल की या टिनमध्ये ९०० ग्रॅम मिश्रण मावतं. पण आपलं मिश्रण आहे ११५० ग्रॅम, आणि ते याच टिनमध्ये करायला सांगितलंय. मग हे ९०० ग्रॅम कशाचे?

ते पावाचे. हे नाव बेकरीतून आलं. ज्या साच्यात दोन पौंडांचा पाव भाजला जाई तो दोन पौंडी साचा. पावाची कणीक टिनमध्ये अर्ध्यापर्यंतच घालतात. ती फुगते आणि टिनच्या काठावर डोकं काढते. म्हणजे पाव टिनपेक्षा मोठा असतो! शिवाय पाव हलका, जाळीदार. आपलं फळांचं मिश्रण जड आणि दाट. एकाच वजनाचा कापूस आणि लोखंड एकाच डब्यात मावत नाहीत हे आपण सहावीतच शिकलोय, तसलाच हा प्रकार.

आणखी गंमत म्हणजे ज्या पावावरून हे नाव पडलं तो पावच पुढे बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धान्यटंचाईत, १९४६ साली, ब्रिटनमध्ये दोन पौंडी पाव पावणेदोन पौंडी करण्यात आला. पावणेदोन पौंड म्हणजे ७९४ ग्रॅम. आजही तिथल्या दुकानांत मोठा पाव ८०० ग्रॅमचा आणि छोटा ४०० ग्रॅमचा दिसतो, तो याच हिशेबाने. पाव घटला, पण टिनचं नाव मात्र 'दोन पौंडी' च राहिलं.

थोडक्यात, 'दोन पौंडी' हे टिनचं माप नाही, आडनाव आहे. एकाच आडनावाची माणसं एकाच उंचीची असतात का?

एक नाव, तीन टिनं

दोन पौंडी म्हणून ओळखली जाणारी ही तीन टिनं पाहा. मापं आतली आहेत आणि सेंटिमीटरमध्ये आहेत. भिंती सरळ उभ्या आहेत असं सध्या धरू.

पहिलं टिन : १७ × ९ × ९. घनफळ १३७७ घन सेंमी.
दुसरं टिन : २१ × ११ × ६. घनफळ १३८६ घन सेंमी.
तिसरं टिन : २३ × १३ × ७. घनफळ २०९३ घन सेंमी.

१ घन सेंमी म्हणजे १ मिलिलिटर, हे विसरू नका. म्हणजे पहिल्यात आणि दुसऱ्यात जेमतेम १ लिटर ४०० मिलि पाणी मावेल आणि तिसऱ्यात २ लिटरच्याही वर. लांबी दोनच सेंटिमीटरने वाढली, रुंदी दोनने, उंची एकने. डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही, दुकानात तर नाहीच नाही. पण तीन दिशांनी थोडं थोडं वाढलं की गुणाकारात ते दीडपट होतं. वर्गात मी नेहमी विचारते, "सगळ्या बाजू दुप्पट केल्या तर घनफळ किती पट?" निम्मा वर्ग 'दुप्पट' म्हणून ओरडतो. उत्तर आठपट आहे.

माझ्या विद्यार्थिनीने शेजारणीकडून आणलेलं टिन पहिल्या मापाचं होतं आणि विकत आणलेली चारही तिसऱ्या मापाची. मी फोनवर तिला पट्टी घेऊन आतून मोजायला लावलं तेव्हा हे कळलं.

मिश्रणाचं घनफळ किती?

टिन कळलं. आता त्यात जाणारं मिश्रण किती जागा घेतं ते काढू. वजन ११५० ग्रॅम आहे, पण ग्रॅम म्हणजे मिलिलिटर नव्हे. तसं ते फक्त पाण्याच्या बाबतीत. इथे घनता लागणार, म्हणजे विज्ञानाचं पुस्तकही बाहेर काढा.

घरी करायची सोपी कृती अशी. एक छोटी वाटी घ्या. वजनकाट्यावर रिकामी ठेवून काटा शून्य करा. ती काठोकाठ पाण्याने भरा आणि वजन लिहून ठेवा. समजा १५० ग्रॅम आलं. म्हणजे वाटीत १५० मिलि मावतं. पाणी ओतून, वाटी पुसून, तीच वाटी तयार मिश्रणाने काठोकाठ भरा. समजा १८० ग्रॅम आलं. १८० भागिले १५० बरोबर १.२. ही झाली मिश्रणाची घनता. आता ११५० ला १.२ ने भागा. ९५८ मिलि. आपण सोयीसाठी ९५० धरू.

तुमचं उत्तर थोडं वेगळं येईल. मिश्रण किती घोटलं, फळांनी चहा किती प्यायला, यावर ते हलतं. पण ९०० ते १००० च्या आसपास राहील.

आता ९५० मिलि मिश्रण तिन्ही टिनांत ओतून बघा (मनातल्या मनात!). खोली काढायची तर घनफळाला तळाच्या क्षेत्रफळाने भागायचं.

पहिल्या टिनचा तळ १७ × ९ म्हणजे १५३ चौ. सेंमी. ९५० ÷ १५३ म्हणजे ६.२ सेंमी खोली.
दुसऱ्याचा तळ २३१ चौ. सेंमी. खोली ४.१ सेंमी.
तिसऱ्याचा तळ २९९ चौ. सेंमी. खोली ३.२ सेंमी.

इथे सगळं उलगडलं. जे मिश्रण शेजारणीच्या टिनमध्ये सव्वासहा सेंमी उभं होतं, ते नव्या टिनमध्ये सव्वातीन सेंमीचा थर होऊन पसरलं. त्या थराला सव्वा तास भट्टीत ठेवलं तर तो वाळणारच. भाकरी आणि थालीपीठ एकाच तव्यावर, पण दोन्हींना सारखा वेळ देतो का आपण?

आणखी एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या टिनचं घनफळ जवळजवळ सारखं आहे, फरक फक्त ९ घन सेंमीचा. तरी खोलीत दोन सेंटिमीटरचा फरक आहे. म्हणजे नुसतं घनफळ जुळून भागत नाही. घनफळ सांगतं की मिश्रण मावेल का. आकार सांगतो की ते शिजायला किती वेळ लागेल.

उष्णता आत कशी जाते

लोफ बाहेरून आत शिजतो. भट्टीची हवा तापलेली, तिने टिन तापतं, टिनने कडेचं मिश्रण, आणि तिथून उष्णता हळूहळू मधोमध पोहोचते. सगळ्यात शेवटी शिजतो तो कडांपासून सर्वांत लांबचा बिंदू. वहनाचा ढोबळ नियम असा की अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट नाही, सुमारे चौपट लागतो. अंतराच्या वर्गाप्रमाणे. भट्टीत पाण्याची वाफही होत असते, त्यामुळे हा नियम काटेकोर बसत नाही, पण अंदाजाला फार उपयोगी आहे.

उंच, अरुंद टिनमध्ये मधला भाग लांब पडतो. तिथे घाई केली, तर वरून सोनेरी दिसणारा लोफ कापल्यावर मध्ये चिकट, कच्चा निघतो. पसरट टिनमध्ये उलट होतं, मधला भाग लवकर शिजतो आणि मग उरलेला सगळा वेळ तो नुसता वाळत राहतो. कच्चा निघाला तर निदान परत भट्टीत ढकलता येतो. वाळलेला लोफ परत ओला होत नाही. म्हणून टिनबद्दल शंका असेल तर वेळ आधीपासून तपासायला लागा. पाककृतीत ७५ मिनिटं असतील आणि तुमचं टिन पसरट असेल तर ४५ व्या मिनिटालाच पहिली सुई घाला.

सुईवरून आठवलं. टूथपिक घालून बघायची पद्धत टी लोफला थोडी फसवते. सुई फुगलेल्या बेदाण्यात घुसली की ओली बाहेर येते आणि आपण उगाच आणखी दहा मिनिटं ठेवतो. दोन-तीन ठिकाणी घालून बघा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ ते ९८ अंश दिसले की लोफ झाला.

आणि लोफच्या माथ्यावर लांब भेग पडली तर घाबरू नका. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, मधलं मिश्रण नंतर फुगतं, ते वाट काढतं. तो दोष नव्हे. मला तर ती भेग आवडते.

टिन किती भरायचं?

साधारण दोन तृतीयांश. टी लोफ जड असल्यामुळे फार उसळत नाही, म्हणून पाऊणपर्यंतही चालतं, पण त्याच्यावर नको. आपल्या प्रमाणासाठी उलटा हिशेब करा. ९५० हे टिनच्या दोन तृतीयांश असायला हवे, तर टिन ९५० × ३ ÷ २ बरोबर १४२५ मिलिचं हवं. म्हणजे १३५० ते १५०० मिलि पाणी मावणारं कोणतंही टिन या पाककृतीला योग्य. त्यावर दोन पौंड लिहिलेलं असो, ९०० ग्रॅम असो, की काहीच नसो.

म्हणून माझा आग्रह असा की लेबल वाचू नका, पाणी भरा. रिकामं टिन काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिलि. दुमडलेल्या कोपऱ्यांचं टिन असेल तर पाणी झिरपतं. तेव्हा आत प्लास्टिकची पिशवी बसवून तिच्यात पाणी भरा. आलेला आकडा टिनच्या बुडाला मार्कर पेनने लिहून ठेवा. हे काम आयुष्यात एकदाच करायचं आहे.

पाणीच का, पट्टी का नको? कारण बहुतेक टिनांच्या भिंती सरळ नसतात. तळ लहान, तोंड मोठं, म्हणजे लोफ अलगद सुटतो. माझ्याकडचं टिन वर २३ × १३ आहे, तळाशी २० × १० आणि उंची ७. वरच्या मापाने घनफळ काढलं तर २०९३ येतं, तळाच्या मापाने १४००. खरं कुठेतरी मध्ये. दहावीतल्या मुलांनी शंकूछेद आठवावा, हा त्याचाच चौकोनी भाऊ. तोंडाचं क्षेत्रफळ २९९, तळाचं २००, मधोमध (२१.५ × ११.५) २४७.२५. मधल्याची चौपट करून तिन्ही मिळवा, उंचीने गुणा, ६ ने भागा : (२९९ + ९८९ + २००) × ७ ÷ ६ = १७३६. पाणी भरून मोजलं तर काट्यावर १७२० दाखवलं. कोपरे गोल आहेत, त्यामुळे तेवढा फरक. सूत्र आणि पाणी इतकं जवळ आलं की शिक्षकाला जो आनंद होतो तो इतरांना सांगून कळायचा नाही!

टिन बदलता येत नसेल तर?

मग मिश्रण बदला. माझ्या विद्यार्थिनीची चार टिनं दुकानदार परत घेणार नव्हता. २०९३ चे दोन तृतीयांश म्हणजे १३९५. १३९५ ÷ ९५० म्हणजे १.४७. साहित्य दीडपट केलं की झालं. फळं ५२५ ग्रॅम, चहा ४५० मिलि, साखर ३००, पीठ ३७५, बेकिंग पावडर साडेचार चमचे. अंडं दीड कसं घालणार? दोन अंडी फोडून फेटा आणि त्यातलं ७५ ग्रॅम वजन करून घ्या. उरलेलं सकाळच्या ऑम्लेटमध्ये. खोली १४२५ ÷ २९९, म्हणजे जवळपास पावणेपाच सेंमी येते, जे अगदी छान आहे.

पण ऑर्डर चार लोफची आणि भाव एका लोफचा ठरलेला. दीडपट साहित्य घालून तोच भाव घेतला तर तिचा तोटा. हे गणित तिने माझ्याआधी केलं. शेवटी तिने ती मोठी टिनं कापांच्या ऑर्डरीसाठी बाजूला ठेवली आणि पूर्ण लोफसाठी १४०० मिलिची दुसरी आणली. या वेळी दुकानात पट्टी घेऊन गेली. दुकानदार बघतच राहिला म्हणे.

लहान टिनं असतील तर एकाचे दोन लोफ करता येतात. समजा एक पौंडी टिन १५ × ८ × ६ आहे. घनफळ ७२०. दोन टिनांचे १४४०. आपल्या मिश्रणाला नेमके. वेळ मात्र निम्मा होत नाही. घनफळ निम्मं आणि आकार तसाच असेल तर प्रत्येक बाजू २ च्या घनमुळाने लहान होते, म्हणजे मूळच्या ०.७९ पट. वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे, म्हणून ०.७९ चा वर्ग, सुमारे ०.६३. सत्तर मिनिटांचा लोफ ४४ मिनिटांच्या आसपास होईल. चाळिसाव्या मिनिटाला बघायला सुरुवात करा. दोन टिनं शेजारी ठेवताना मध्ये दोन-तीन सेंमी जागा सोडा, नाहीतर चिकटलेल्या बाजू पांढऱ्या राहतात.

लोफ टिनच नाही, पण केकचा गोल डबा आहे? तोही चालेल. सहा इंची, तीन इंच उंच डबा घ्या. त्रिज्या ७.६ सेंमी, उंची ७.५. वृत्तचितीचं सूत्र : ३.१४ × ७.६ × ७.६ × ७.५, सुमारे १३६० घन सेंमी. आपलं दुसरं टिन १३८६ चं होतं, म्हणजे जवळजवळ जुळे भाऊ! मात्र गोलाचा मध्य भिंतीपासून साडेसात सेंमीवर आहे आणि दुसऱ्या टिनमध्ये तो साडेपाचवर होता. त्यामुळे दहा-एक मिनिटं जास्त लागू शकतात. चव तीच. फक्त त्याचे सरळ, लोणी लावता येतील असे काप पडत नाहीत, त्रिकोणी तुकडे पडतात, आणि मग त्याला टी लोफ म्हणावं का हा वाद ब्रिटिशांनी घालावा.

ओटीजीवाल्यांसाठी

आपल्याकडे बहुतेक घरांत भिंतीतली मोठी भट्टी नसते, टेबलावरचा छोटा ओटीजी असतो. त्यात वरची दांडी अगदी जवळ. नऊ सेंमी उंच टिन, त्यात वर आलेला लोफ, आणि खालची जाळी धरून उंची मोजा. वरची दांडी लोफच्या माथ्यापासून चार बोटं तरी लांब हवी. नसेल तर माथा करपणार आणि पोट कच्चं राहणार. अशा वेळी सारख्याच घनफळाचं पण बुटकं टिन, म्हणजे आपलं दुसरं, जास्त शहाणपणाचं. उंचच वापरायचं असेल तर जाळी सर्वांत खालच्या खाचेत घाला आणि माथ्याला रंग आला की वर फॉइलचा सैल तुकडा ठेवा.

टिन कशाचं आहे यानेही फरक पडतो. काळ्या रंगाचं टिन उष्णता जास्त शोषतं, कडा लवकर तपकिरी होतात, म्हणून तापमान दहा अंशांनी कमी ठेवा. काच हळू तापते पण तापली की धरून ठेवते. सिलिकॉनच्या साच्याच्या भिंती जड मिश्रणाने बाहेर फुगतात, त्यामुळे त्याचं कागदावरचं घनफळ आणि खरं घनफळ वेगळं. त्याला ताटलीवर ठेवूनच भरा. आणि कुठलंही टिन असो, बटर पेपरची एक लांब पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर येईल अशी घाला. साखर आणि फळांमुळे हा लोफ टिनला धरतो.

आता तुमची पाळी

वही-पेन घ्या. भिंती सरळ धरा, मिश्रण ९५० मिलि.

१) टिनचं माप २० × १० × ७. आपलं मिश्रण योग्य बसेल का? टिनचा किती भाग भरेल आणि खोली किती होईल?

२) टिनचं माप २५ × ११ × ७.५. साहित्य किती पट करावं लागेल? अंडं किती ग्रॅम घ्याल?

३) एका टिनमध्ये ११०० मिलि पाणी मावतं. दोन तृतीयांश भरायचं ठरवलं तर किती मिश्रण उरेल? उरलेल्या मिश्रणाचं काय कराल तेही लिहा. (स्टीलच्या दोन वाट्या हे उत्तर मला चालेल!)

पहिल्याचं उत्तर देऊन ठेवते : घनफळ १४००, भाग ६८ टक्के, खोली पावणेपाच सेंमी. छान बसेल. दुसऱ्यात टिन २०६२.५ चं, त्याचे दोन तृतीयांश १३७५, म्हणजे सुमारे १.४५ पट. अंड्याचा आकडा तुम्ही काढा. तिसरं पूर्ण तुमचं. उत्तरं लिहिताना शेजारी तुमच्या घरच्या टिनमध्ये खरोखर किती ग्रॅम पाणी मावलं तेही लिहा, आणि टिनवर छापलेलं नाव काय होतं तेही.